धंद्याचा डबा वेगळा ठेवा



आपल्याकडे सुगरणींची कधीच वानवा नव्हती. कुणाची चकली अशी खुसखुशीत की एक खाऊन हात थांबत नाही. कुणाच्या गोड्या मसाल्याचा वास जिन्यात आला की खालच्या मजल्यावरच्यांना कळावं, आज वर आमटी आहे. कुणाच्या पुरणपोळ्या दोन दिवसांनीही लुसलुशीत. "अहो वहिनी, तुम्ही हे विकत का नाही?" हे वाक्य अशा बाईनं दहा जणींकडून ऐकलेलं असतं. मग एखाद्या दिवाळीला ती मनावर घेते. आधी शेजारच्या दोन घरांची ऑर्डर, मग सगळी सोसायटी, मग यजमानांच्या ऑफिसातली चार माणसं. ऐन दिवाळीत तिच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसते.

आणि भाऊबीज झाली, पाहुणे गेले, की ती दुखरी पाठ भिंतीला टेकून हिशोबाला बसते. पैसे आले होते हे तिला आठवतं. गेले कुठे, ते मात्र सांगता येत नाही. त्यातून गॅस सिलिंडर आला, मुलाची फी भरली, नणंदेला ओवाळणी घातली, वाण्याचं बिल दिलं. नफा झाला की तोटा, ते देवाला ठाऊक! पुढच्या वर्षी घरातलं कुणीतरी म्हणतं, "कशाला एवढा त्रास करून घेतेस? मिळतं काय त्यातून?" तिच्यापाशी उत्तर नसतं. चांगला चालणारा धंदा असा एका प्रश्नावर बंद पडतो.

चवीवर धंदा सुरू होतो, पण नुसत्या चवीवर तो टिकत नाही. तो टिकतो लहानसहान सवयींवर. या सवयी काही मोठ्या शाळेत शिकाव्या लागत नाहीत. घर चालवणाऱ्या बाईला त्यांतल्या निम्म्या तर आधीच ठाऊक असतात. फक्त त्या घरासाठी वापरतो तशा धंद्यासाठीही वापरायच्या, एवढंच. फराळ, मसाले, पापड, डबे, शिवणकाम, ब्लाउजला फॉल-बीडिंग, यांतलं काहीही तुम्ही करत असा, ही रीत सगळ्यांना सारखीच लागू आहे.

डबा वेगळा, खातं वेगळं

पहिली सवय मथळ्यातच सांगितली. धंद्याचे पैसे घरखर्चाच्या पाकिटात टाकायचे नाहीत. एक वेगळा डबा करा, चांगला झाकणाचा. आलेला रुपया त्यात जायचा आणि धंद्याचा खर्च त्यातूनच व्हायचा. हल्ली बरेच पैसे फोनवरून येतात, म्हणून बँकेतही एक वेगळं बचत खातं ठेवा आणि गिऱ्हाइकाला त्याच खात्याचा कोड दाखवा. यजमानांच्या किंवा मुलाच्या फोनवर पैसे घेऊ नका. त्यांच्या मनात काही वाईट असतं असं नाही. पण त्या खात्यातून पेट्रोल भरलं जातं, विजेचं बिल जातं, आणि तुमची चकली त्यात कुठे विरघळली ते कळत नाही.

तुम्ही म्हणाल, "घराला गरज पडली तर काय डबा बंद ठेवून बसायचं?" मुळीच नाही. घरासाठीच तर हा सगळा खटाटोप. पण त्याची रीत ठरवा. दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला डब्यातून स्वतःचा पगार काढा आणि तो पगार खुशाल घरात घाला. अधेमधे अगदीच वेळ आली तर उचल घ्या, पण 'घरी उसने दिले' असं वहीत लिहून घ्या. लिहिलेल्या उचलीची आठवण राहते. न लिहिलेली उचल म्हणजे गळका पिंप. रात्रभर थेंब थेंब गळतं आणि सकाळी पिंप अर्धं होतं.

रात्रीच्या चार ओळी

दुसरी सवय वहीची. दुकानदार जिला रोजमेळ म्हणतात ती. जाड खतावणी नको, मुलांची उरलेली दोनशे पानी वही पुरे. रोज रात्री ओटा पुसून झाला की पाच मिनिटं बसायचं आणि चार ओळी लिहायच्या: आज काय विकलं, पैसे किती आले, खर्च कशावर किती झाला, कुणाकडे किती राहिले. शेवटी डबा उघडून मोजायचा. वहीतली शिल्लक आणि डब्यातली शिल्लक जुळली पाहिजे. दहा रुपयांचा फरक आला तर तो त्याच रात्री सापडतो. महिन्याने शोधायला गेलात तर ब्रह्मदेवालाही सापडायचा नाही.

वही लिहिणं म्हणजे शिकलेल्यांचं काम, असं कुणी मनात आणू नये. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट सांगते. चेतना सिन्हा यांनी तिथल्या कष्टकरी बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. कारण काय, तर सभासद बायका निरक्षर. त्या बायका अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी स्वतः अधिकाऱ्यांसमोर गेल्या. म्हणाल्या, आम्हाला लिहिता-वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. परवाना मिळाला आणि १९९७ साली माण देशी महिला सहकारी बँक उभी राहिली. भाजीच्या टोपलीमागे सुटे किती, हा हिशोब ज्या बाईला येतो तिला रोजमेळ जड नाही.

आपल्या हातांची मजुरी धरा

आता सर्वांत महत्त्वाचं. याच एका जागी आपण बायका सगळ्यात जास्त फसतो, आणि फसवणारं दुसरं कुणी नसतं.

समजा, तुम्ही दहा किलो भाजणीच्या चकलीची ऑर्डर घेतली. खालचे भाव नमुन्यादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. फक्त रीत पाहा.

धान्य, डाळी, तीळ, मसाले: १,१०० रुपये
तेल, मोहन आणि तळण धरून: ५५० रुपये
गिरणीचं दळण: ७० रुपये
गॅस: १५० रुपये
पिशव्या आणि लेबलं: १२० रुपये
रिक्षा, पोचवणं: १०० रुपये
मोडतोड, जळकं, चवीला वाटलेलं: १०० रुपये
एकूण: २,१९० रुपये

पुष्कळजणी पहिल्या दोन ओळीच धरतात. १,६५० रुपये सामानाला गेले, तीनशे रुपये किलोने तीन हजार आले, म्हणजे १,३५० रुपये सुटले, असा आनंद. खरे सुटतात ८१० रुपये. बाकीचे ५४० गॅसच्या शेगडीत, गिरणीत आणि रिक्षात गेलेले असतात.

पण हिशोब अजून संपला नाही. धान्य धुऊन वाळवणं आणि भाजणं चार तास, उकड काढणं, मळणं, पाडणं आणि तळणं दहा तास, भरणं आणि पोचवणं दोन तास. सोळा तास झाले. ८१० रुपयांना सोळाने भागा. तासाला पन्नास रुपयेसुद्धा मोठ्या मुश्किलीने पडतात. हेच काम करायला मदतनीस बोलावली आणि ती तासाला ऐंशी रुपये म्हणाली, तर तिला तुम्ही १,२८० रुपये मुकाट्याने द्याल. मग स्वतःला का नाही? २,१९० अधिक १,२८० म्हणजे ३,४७०. त्यावर धंद्याच्या वाढीसाठी शंभरामागे पंधरा रुपये धरा, म्हणजे साधारण ५२० रुपये. बेरीज ३,९९०. म्हणजे तुमच्या चकलीचा भाव किलोला चारशे रुपये हवा होता, आणि तुम्ही ती तीनशेला देऊन बसलात.

"पण शेजारच्या काकू साडेतीनशेला देतात ना!" असं मनात आलंच असेल. काकूंनी आपले तास मोजलेले नाहीत. त्यांच्याशी भावाची स्पर्धा करत बसू नका. तुमची चकली वेगळी कशी होईल ते पाहा. वेळेवर देणं, मोजून देणं, न मोडता देणं यालाही गिऱ्हाईक पैसे मोजतं. आणि तुमचा माल चारशेला विकलाच जात नसेल, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. मग चकली सोडून ज्या जिनसेत हात सुटा आहे ती धरा. भाव वाढवता येत नाही आणि खर्च कमी होत नाही, अशी वस्तू केवळ 'लोक मागतात' म्हणून करत राहणं म्हणजे घराला मदत नव्हे, घराला लपवून दिलेली देणगी आहे.

नातेवाइकांचं काय करायचं, हाही प्रश्न असतो. "आपल्याच घरचं आहे, पैसे काय घ्यायचे!" असं म्हणत मावसदीर दोन किलो लाडू उचलून नेतात. यावर एक सोपी तोड आहे. सणाला कुणाला काय भेट द्यायची त्याची यादी आधीच करा आणि ती भेट आपल्या पगारातून विकत घ्या. वहीत तशी नोंद करा. यादीबाहेर जे मागतील त्यांना हसून भाव सांगा. पहिल्यांदा जीभ अडखळेल. दुसऱ्यांदा अडखळणार नाही.

उधारीचं पान

उधारी अजिबात देऊ नका, असं सांगणं सोपं आहे; पाळणं कठीण. गल्लीतला धंदा गल्लीच्या ओळखीवर चालतो. तेव्हा तीन नियम पाळा. ऑर्डर घेताना निम्मे पैसे आगाऊ घ्या, म्हणजे सामान तुमच्या पैशानं भरावं लागत नाही. जुनी बाकी मिटल्याशिवाय नवा माल नाही. आणि उधारीसाठी वहीत वेगळं पान ठेवा. नाव, तारीख, रक्कम. महिनाअखेरीस त्या पानावरच्या प्रत्येकीला गोड शब्दांत आठवण करा. "वहिनी, हिशोब बंद करतेय, तुमचे तेवढे दोनशे चाळीस राहिलेत हं." यात लाजण्यासारखं काही नाही. वाणी आपल्याकडे मागतोच की! ज्यांच्याकडून पैसे येत नाहीत त्यांना आपण माल देत नसतो, आपण कर्ज देत असतो, आणि तेही बिनव्याजी.

चव एकच, वजन पुरं

आपण घरात अंदाजाने करतो. चिमूटभर, मूठभर, 'हाताला लागेल तेवढं'. घरच्यांना आजची आमटी कालच्यापेक्षा वेगळी लागली तर ती गंमत असते. गिऱ्हाइकाला ती गंमत वाटत नाही. मागच्या महिन्यात नेलेला मसाला आवडला म्हणून तो परत आलेला असतो. त्याला तोच मसाला हवा असतो. म्हणून एकदा काटा घेऊन बसा आणि तुमची मूठ, वाटी, चिमूट ग्रॅममध्ये लिहून काढा. बेडगी मिरची रंगासाठी किती, लवंगी तिखटपणासाठी किती, धने किती, दगडफूल किती. वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करता, तेव्हा मिरची कुठल्या दुकानातून, कुठल्या भावाने घेतली तेही लिहा. प्रत्येक घाण्याला तारखेची चिठ्ठी लावा आणि त्यातली एक छोटी बाटली घरात राखून ठेवा. उद्या कुणी म्हणालं, "यंदा मसाला कडवट आहे हो," तर ती बाटली उघडून पाहता येतं. मिरची जास्त भाजली गेली की मसाल्यातच दोष, ते कळतं.

या बाबतीत लिज्जत पापडाची गोष्ट आठवावी. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला आणि एक जरा हलका, स्वस्तात विकायला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी सल्ला दिला की प्रत एकच ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. हिशोब चोख ठेवा आणि हे दानधर्माचं काम नव्हे, धंदा आहे असं समजून चालवा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, की पावसातही वाळवण चालू! त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. गोष्ट मोठी आहे, पण तिच्यातला स्टोव्ह लक्षात ठेवण्यासारखा. आलेल्या पैशातून आधी काय घ्यायचं? ज्यामुळे काम अडतं, ते घ्यायचं. नवा मिक्सर शेजारणीकडे आहे म्हणून नव्हे, आपला मिक्सर रोज दुपारी तापून बंद पडतो म्हणून घ्यायचा.

वजनाबद्दलही दोन शब्द. पाव किलो म्हणजे अडीचशे ग्रॅम, पिशवीचं वजन सोडून. पिशवी आधी रिकामी काट्यावर ठेवा, मग भरा. दहा ग्रॅम जास्त गेले तरी चालतील, पण कमी नकोत. आणि ते दहा ग्रॅमही खर्चात धरा बरं का.

शब्द दिला की पाळायचा

दिवाळीच्या तोंडावर कुणाला नाही म्हणवत नाही. होय-होय करत पन्नास किलो अंगावर घेतले जातात आणि धनत्रयोदशीला रात्री दोन वाजता कढईसमोर रडू येतं. त्यातली वीस किलो उशिरा जाते, पाच किलो मऊ पडते, आणि वर्षभर जपलेली गिऱ्हाइकं तुटतात. म्हणून सणाआधीच बसून ठरवा की रोज माझ्या दोन हातांनी आणि एका शेगडीने किती होतं. दहा किलो होत असेल तर आठच धरा. वीज जाते, मूल आजारी पडतं, पाहुणे येतात. आठवडाभराचं ते माप भरलं की पुढच्या गिऱ्हाइकाला सांगा, "यंदा वही भरली हो, पुढच्या वर्षी पहिलं नाव तुमचं लिहिते." आणि खरंच लिहा! नाही ऐकलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आठ दिवस आधी येतं. फसलेलं गिऱ्हाईक येत नाही, आणि चौघींना सांगतं.

तक्रार आली तर वाद घालू नका. तीही वहीत लिहा. तारीख, माल, काय म्हणणं. पिशवी बदलून द्या. महिन्याने ती पानं चाळा. एकच तक्रार तीनदा आली असेल, तर दोष गिऱ्हाइकांत नाही. चकली मऊ पडते ही तक्रार बहुतेक वेळा गरम चकली डब्यात भरल्यामुळे येते. पूर्ण निवाल्याशिवाय भरायची नाही आणि झाकण घट्ट हवं, एवढ्यावर ती मिटते.

सामानाच्या बाबतीत आईनं शिकवलेलं विसरू नका: जुनं पुढे, नवं मागे. डाळ-तांदूळ आणताच फळीवर पुढे ढकलून ठेवू नका. आणि दर पंधरवड्याला फळी मोजा. पोत्यात पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेले पैसे, आणि त्याला वर पोरकिडे लागतात.

दोन कागद करून ठेवा

कागदपत्रांची भीती वाटते, पण घरगुती धंद्याला फार लागत नाहीत. खाण्याचा माल विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी. २००६ च्या कायद्याप्रमाणे घरून विकणाऱ्यांनाही ती लागू आहे. नोंदणी झाली की चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो लेबलावर छापा. लेबलावर मालाचं नाव, त्यात काय काय आहे, वजन, किंमत, कधी केला, कधीपर्यंत चांगला राहील, आणि तुमचं नाव-पत्ता असू द्या. नावपत्ता छापलेली पिशवी शेजारणीच्या बहिणीच्या घरी जाते आणि तिथून फोन येतो. याहून स्वस्त जाहिरात नाही.

दुसरा कागद उद्यमचा. १ जुलै २०२० पासून लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी होते. आधार आणि पॅन क्रमांक लागतो आणि सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते. त्यासाठी कुणी हजार-दीड हजार मागत असेल तर देऊ नका. घरातल्या मुलाला किंवा मुलीला बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

कर्ज हवं असेल तर सावकाराचं दार शेवटचं. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' नावाचा गट आहे. त्यात पन्नास हजारांपर्यंतचं कर्ज तारण न ठेवता मिळतं. बचत गटात असाल तर गटाचं कर्ज आहेच. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून बायकांच्याच कामासाठी आहे, तुमच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात एकदा जाऊन या. पण बँकेतले साहेब पहिला प्रश्न विचारतात, "महिन्याला विक्री किती?" त्या वेळी सहा महिन्यांची रोजमेळाची वही पुढे ठेवता आली तर तुमचं निम्मं काम झालं. अंदाजे सांगणाऱ्या बाईला ते घरकाम समजतात. वही दाखवणारीला धंदेवाली. आणि कर्ज खाटेसाठी, स्टोव्हसाठी घ्या. मालाच्या उधारीची भोकं बुजवायला घेऊ नका.

घरातल्यांना हिशोब दाखवा

शेवटची सवय धंद्यापेक्षा घराची आहे. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी चहाच्या वेळी वही घेऊन घरातल्यांसमोर बसा. विक्री इतकी, खर्च इतका, माझा पगार इतका, वाढीसाठी बाजूला इतके. सासूबाईंना दाखवा, यजमानांना दाखवा, मोठ्या मुलीला तर अवश्य दाखवा. तोट्याचा महिना असेल तर तोही लपवू नका. ज्या कामाचा आकडा कुणी पाहिला नाही, ते काम म्हणजे 'हिचा विरंगुळा' होऊन बसतं, आणि विरंगुळ्यासाठी कुणी स्वयंपाकघर मोकळं करून देत नाही. आकडा पाहिला की मुलगा न सांगता पिशव्या पोचवून येतो, आणि यजमान म्हणतात, "आज राहू दे, मी खिचडी टाकतो." खिचडी खारट झाली तरी खा!

आणि वाढायचं कधी? हे काम वहीनं तुम्हाला सांगू दे. सलग तीन-चार महिने तुम्हाला गिऱ्हाइकांना परत पाठवावं लागत असेल, आणि तुमची मजुरी धरूनही पैसे सुटत असतील, तर मदतीला एक बाई घ्या. एक वस्तू नीट बसली की मगच दुसरी सुरू करा. चकली, चिवडा, शेव, लाडू, करंजी, लोणचं, सगळं एकदम पाटीवर लिहिणाऱ्या बाईची एकही वस्तू लोकांच्या लक्षात राहत नाही. 'मसाला ना? तो त्यांच्याकडूनच!' असं गल्ली म्हणू लागली, की समजा पाया भरला.

एवढं सगळं एकदम करायला जाऊ नका, नाहीतर आठ दिवसांत वही माळ्यावर जाईल. या आठवड्यात फक्त तीन गोष्टी करा. एक रिकामा डबा धुऊन वाळवून त्यावर 'धंदा' अशी पट्टी चिकटवा. एक वही काढून आज रात्रीपासून चार ओळी लिहा. आणि तुमची सगळ्यात जास्त खपणारी जी जिन्नस असेल, तिचा वर दिल्यासारखा खर्च मांडून पाहा, तुमचे तास धरून. बेरीज पाहून दचकाल कदाचित. दचकलात तर चहा घ्या, पुन्हा एकदा बेरीज करा, आणि पुढची ऑर्डर घ्यायच्या आधी नवा भाव कागदावर लिहून फ्रीजवर लावा. फोन आला की त्याच्याकडे पाहून बोलायचं.